नापासबाई रस्ता ओलांडतात

शहरातले निम्मे लोक त्यांना नापासबाई म्हणत. उरलेले निम्मेही म्हणत, पण जरा आवाज खाली करून, कारण त्यांची परीक्षा अजून व्हायची होती.

बाई वाहन परवान्याच्या कचेरीत परीक्षक होत्या. नोकरीला लागल्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत त्या अनोळखी माणसांच्या शेजारी बसून शहरभर हिंडल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांना "पुन्हा या" म्हणून घरी पाठवलं. डॉक्टर, वकील, पाववाला, एक माजी महापौर, बाईंना सगळे सारखेच. अंगात तपकिरी कोट, चष्म्याला काळी दोरी, आणि हातात लाल पुठ्ठ्याचं जाडजूड पॅड. पॅडवर त्या फारसं काही लिहीत नसत. ते लिहिण्यासाठी नव्हतंच.

गाडी छान चाललेली असे. आज जमलं बुवा, असं उमेदवाराला वाटू लागलेलं असे. नेमक्या त्या वेळी बाई लाल पॅड डोक्याच्या वर उचलत आणि समोरच्या फळीवर फाडकन आपटत. "थांब!"

अचानक कोणी आडवं आलं तर हा माणूस गाडी थांबवतो की देवाचं नाव घेतो, ते बघायचं असे. आवाज विरायच्या आत पाय ब्रेकवर पाहिजे. नसला तर "पुन्हा या". त्या काळी घराघरांत याची तालीम चाले. बायका स्वयंपाकघरात ताटल्या आपटत आणि नवरे जेवताजेवता टेबलाखाली पाय दाबत. एका दातांच्या दवाखान्यात म्हणे दार आपटलं की खुर्चीतला पेशंट आणि डॉक्टर, दोघांचेही उजवे पाय एकदम खाली जात. जबडा कोणाच्या हातात होता याचा विचार न केलेला बरा.

स्वतःच्या मुलाची परीक्षा मात्र बाईंना घेता आली नाही. नात्यातल्या माणसाची घ्यायची नाही, असा नियम. ती शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी घेतली आणि त्याला पहिल्याच फटक्यात पास करून टाकलं. बाईंनी त्या साहेबांना कधी माफ केलं नाही. मुलालाही नाही.

सून मात्र कसाला लागलेली. ही कोण, कुठली, पुढे आपल्या घरात येणार की काय, हे काहीच ठाऊक नसताना बाईंनी तिला चारदा नापास केलं होतं. पाचव्या खेपेला ती पास झाली आणि तिला रडू आलं. बाई म्हणाल्या, "रडताना आरसा दिसत नाही." पुढे मुलानं तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा दोघींनी एकमेकींना दारातच ओळखलं. आता या घरात आपली बाजू घेणारं कोणी उरलं नाही, हे मुलाच्याही दारातच लक्षात आलं.

तर अशा या बाईंना म्हातारपणी गुडघ्यांनी नापास केलं. आधी डाव्यानं, मग त्याचं बघून उजव्यानं. घरातल्या घरात भिंतीला धरून त्या हिंडत. पण खाली उतरून चार पावलं टाकायची म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे. शेवटी त्यांनी बॅटरीवर चालणारी चार चाकांची स्कूटर घेतली. चालणं जमत नाही अशांसाठी असते ती. खुर्चीसारखी बैठक, पुढे हँडल, हँडलला बास्केट. मागे घेताना पीप पीप करते. वेग ठरवायला एक गोल बटण, त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं.

बाईंनी दुकानातच बटण सशावर नेऊन एक चक्कर मारली.

"याला ससा म्हणता?"

"आजी, भरभर चालणाऱ्या माणसाइतका वेग आहे तो," दुकानदार म्हणाला.

"मग सशाची प्रकृती बरी नसावी."

पण घेतली. कारण त्यांना फार लांब जायचंच नव्हतं. फक्त समोर जायचं होतं.

समोर म्हणजे अगदी समोरच. रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत त्यांची धाकटी बहीण राहायची. बाल्कनीतून बाल्कनी दिसे. कंबर मोडल्यापासून धाकटीचं खाली उतरणं बंद झालं होतं, म्हणून बाईच रोज दुपारी तिच्याकडे जात आणि दोघी पत्ते खेळत. गुडघे गेले आणि डाव मोडला. फोनवर खेळून पाहिलं, तर धाकटी ओळीनं जिंकू लागली. ती लहानपणापासून पत्ते लपवते. समोर बसलं की तिच्या भुवयांवरून कळतं, पण फोनवर भुवया ऐकू येत नाहीत.

मुलगा दर रविवारी आईला गाडीतून मावशीकडे नेत असे, लांबचा वळसा घालून. पण रविवारी धाकटीची मुलं-नातवंडं आलेली असत आणि ती सज्जन होऊन बसे. पत्त्यांचं नाव निघत नसे. एक तास सगळे एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत आणि बाईंची तब्येत त्यानंच बिघडे.

आता मधे होता तो फक्त रस्ता. नगरपालिकेनं पायी जाणाऱ्यांची सोय म्हणून त्यावर पूल बांधला होता. पुलाला दोन्हीकडून उंच जिने होते. ज्याला जिने चढता येत होते त्याला रस्ताही पळत ओलांडता येत होता, आणि ज्याला पळता येत नव्हतं त्याला पूल नुसता बघता येत होता. पुलाखाली पांढरे पट्टेही मारलेले होते. त्या पट्ट्यांवर माणूस उभा असला तर गाडीनं थांबावं, हे बाईंनी हजारो लोकांकडून वदवून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी बाई सुनेनं विणलेला गुलाबी स्वेटर घालून, केस विंचरून, पट्ट्यांपाशी जाऊन बसल्या. हात नीट बाहेर काढून इशारा केला.

कोणी थांबलं नाही.

बाईंनी आयुष्यभर ड्रायव्हरांचे डोळे आतून पाहिले होते, बाहेरून पहिल्यांदाच पाहत होत्या. ते डोळे आभाळाकडे जात, दुकानांच्या पाट्यांवर जात, आरशात जात, पण बाईंपाशी आले की घसरून पुढे जात. आणि बाईंना तर एकेक चेहरा ओळखू येत होता. हा निळ्या गाडीतला, दोनदा नापास, गाडी मागे घेताना. ही टॅक्सीवाली, एकदाच, पण भांडली होती कडाकडा. हा पाववाला, आता त्याची व्हॅन झाली वाटतं. ते सगळे आले तसे निघून गेले.

ऊन सरकत बाईंच्या मांडीवर आलं. समोरच्या बाल्कनीतून धाकटी टॉवेल हलवत होती. तेवढ्यात एक भला गृहस्थ चालत आला, बाईंकडे प्रेमानं बघून त्यानं बास्केटमध्ये एक नाणं टाकलं, "जपा हं आजी" म्हणाला आणि टणाटण जिने चढून पुलावर गेला.

बाई त्या नाण्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्कूटर वळवली.

त्या ज्या रागानं इमारतीत शिरल्या त्या रागाला सशाचाही वेग पुरा पडला नाही. लिफ्टपाशी गाडी मागे घेताना पीप पीप झालं आणि मागोमाग फट्ट झालं. सेक्रेटरींची कुंडी गेली.

हे सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले साहेब. बाईंनी त्यांना पाचदा परत पाठवलं होतं. शेवटी त्यांनी गाडीचा नाद सोडला आणि कुंड्यांचा धरला.

"बाई, तुम्ही कुंडीला धडक दिलीत!"

"कुंडी वळणावर उभी होती. दिवा नाही, इशारा नाही."

"अहो, कुंडी आहे ती!"

"म्हणून सोडून देते. माणूस असता तर पुन्हा बोलावला असता."

सेक्रेटरींचा चेहरा पाच वेळा बदलला, प्रत्येक परीक्षेसाठी एकदा. "आता दुसरी आणायची तर रोपवाटिका त्या रस्त्याच्या पलीकडे. मला कोण नेणार तिथे? काही नाही, आजपासून लिफ्टमध्ये वाहनाला बंदी."

संध्याकाळी मुलगा खाली जाऊन त्यांची समजूत घालून आला. मिटलं म्हणाला. आई एकटी स्कूटर घेऊन बाहेर पडणार नाही, या बोलीवर मिटलं.

"कोणाच्या बोलीवर?" बाईंनी विचारलं.

"माझ्या. आई, अगं तुला काही झालं म्हणजे?"

"मला काही होतच नाहीये, तीच तर अडचण आहे. सकाळ होते, संध्याकाळ होते. मला काही होत नाही."

"रविवारी नेतो ना मी तुला."

"रविवारी ती पत्ते काढत नाही."

"पत्त्यांसाठी जीव धोक्यात घालणार आहेस का तू?"

"मग कशासाठी घालू? तू सांग. काही चांगलं सुचवत असशील तर ऐकते."

मुलगा वाईट नव्हता. आईच्या पायांना तो रोज रात्री तेल चोळून देई. पण पाय आपल्या हातात आले की पायांनी कुठे जायचं तेही आपणच ठरवायचं, असं त्याला नकळत वाटू लागलं होतं. त्यानं स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि बायकोला कुजबुजत सांगितलं, "आईला सापडणार नाही अशा जागी ठेवलीय."

ती मिठाच्या बरणीत ठेवली होती. घरात मीठ रोज लागतं याची ज्याला कल्पना नाही, त्याच्याकडून याहून चांगल्या जागेची अपेक्षा करणंही चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी सून भाजीत मीठ घालायला गेली तर चमच्यात किल्ली आली. तिनं ती धुतली, पुसली आणि सासूबाईंना चहा दिला तेव्हा बशीत कपाच्या कडेला ठेवली.

बाईंनी बशीकडे पाहिलं. "हे काय?"

"चहाबरोबर काहीतरी हवं ना, आई," सून म्हणाली आणि नवऱ्याबरोबर गाडीत बसून कामाला गेली. दोघं दुपारी जेवायला त्याच गाडीनं घरी येत.

बाई चहा गार होईपर्यंत बसून राहिल्या. किल्ली मिळाली, पण रस्ता होता तिथेच होता. काल काय चुकलं? इशारा बरोबर होता, जागा बरोबर होती. मग त्यांच्या लक्षात आलं. काल आपण तिथे गुलाबी स्वेटर घालून म्हातारी म्हणून बसलो होतो. थांबाल का हो, म्हणून विचारत होतो. विचारायची सवय आपल्याला कधी होती?

दुपार होत आली तशी त्यांनी कपाटातून तपकिरी कोट काढला. खांद्यांवर जरा सैल झाला होता, पण रुबाब होता तसाच. चष्म्याला काळी दोरी लावली. कपाटाच्या तळाशी चपलांच्या खोक्यामागे लाल पॅड होतं. त्यावरची धूळ त्यांनी कोटाच्याच बाहीनं पुसली.

खाली सेक्रेटरी झारी घेऊन झाडांना पाणी घालत होते. स्कूटर लिफ्टमधून बाहेर येताना पाहून ते आडवे आले. "बाई! काल काय ठरलं होतं? मी तुम्हाला इथून..."

बाईंनी पॅड बास्केटमधून उचललं. वर नेलं नाही, नुसतं उचललं.

सेक्रेटरींचा उजवा पाय खाली दाबला गेला. पायाखाली ब्रेक नव्हता, साधी फरशी होती, पण पाय दाबला गेला आणि साहेब जागच्या जागी उभे राहिले. झारीतलं पाणी त्यांच्या बुटांत जात राहिलं.

"पाचव्या वेळेपेक्षा बरं," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

पट्ट्यांपाशी आज बरेच जण अडकले होते. काठीवाले एक आजोबा, बाबागाडी घेतलेली बाई, हातात खरेदीच्या पिशव्या घेतलेलं एक जोडपं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव, जरा वाट बघू, नाहीतर घरी जाऊ. बाई त्यांच्यातून वाट काढत पुढे आल्या. हात बाहेर काढला नाही. पाठ ताठ केली, पॅड दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेलं, सगळ्यांना दिसावं म्हणून क्षणभर तिथेच धरलं, आणि हँडलच्या पुढच्या पत्र्यावर फाडकन आपटलं.

"थांब!"

निळी गाडी थांबली. थांबली म्हणजे रुतलीच. टॅक्सीवाली थांबली आणि वर तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर बरोबर जागी गेले. पाववाल्याची व्हॅन थांबली, आतले पाव मात्र थांबले नाहीत, ते धबाधबा पुढे आल्याचा आवाज रस्ताभर ऐकू आला. बस थांबली आणि आतले उभे प्रवासी एकमेकांच्या गळ्यात पडले. ज्यांना आवाज पोचला नव्हता त्यांनी नुसता लाल पुठ्ठा वर गेलेला पाहिला होता आणि तेवढं त्यांच्या पायांना पुरलं होतं. डोक्यानं विचार करायच्या आत पायांनी बाईंना ओळखलं. एका गाडीतला टाय लावलेला गृहस्थ तर घाईघाईनं सीटबेल्ट चाचपून बघत होता.

रस्ता गप्प झाला. बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि पट्ट्यांवर उतरल्या. मागून आजोबांची काठी टक टक करत आली, बाबागाडी आली, पिशव्या आल्या. सगळ्यांच्या मागून ओल्या बुटांचा पचक पचक आवाज करत सेक्रेटरी आले. त्यांना रोपवाटिकेत जायचं होतं.

अर्धा रस्ता झाला. पलीकडच्या बाजूच्या गाड्याही थांबल्या होत्या. एक सोडून. पांढरी गाडी, थांबलेल्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेतून निवांत येत होती. चालवणारा माणूस शेजारच्या बाईला हातवारे करून काहीतरी समजावत होता. त्याला लाल पॅड दिसलं नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्याच्या पायाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याला पहिल्या फटक्यात पास केलं होतं.

शेजारच्या बाईला मात्र दिसलं. चारदा नापास झालेला उजवा पाय ब्रेक नसलेल्या जागी खाडकन दाबला गेला, आणि दुसऱ्याच क्षणी तिनं मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी किंचाळत पट्ट्यांच्या अलीकडे येऊन उभी राहिली. तो हात आधीपासूनच तयारीत होता की सवयीनं गेला, हे सुनेनं पुढे कधी कोणाला सांगितलं नाही.

मुलगा दार उघडून धावत आला. "आई! तू? अगं, आत्ता काय झालं असतं?"

"तेच मी विचारतेय. आत्ता काय झालं असतं?"

"तू अशी रस्त्याच्या मधे..."

"मी पट्ट्यांवर आहे. तू कुठे बघत होतास?"

"मी तिला सांगत होतो की आई घरी किती वैतागली असेल, तिची समजूत कशी घालायची..."

"समोर बघून सांगायचं." बाईंनी चष्मा दोरीवर खाली सोडला. "नापास."

निळ्या गाडीतल्या माणसानं टाळी वाजवली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आई, चल, मी तुला गाडीतून पलीकडे सोडतो. लोक खोळंबलेत."

"लोक म्हणजे कोण?" बाईंनी मागे मान वळवली. काठीवाले आजोबा, बाबागाडी, पिशव्या, सेक्रेटरी, सगळे ओळीनं उभे होते. "हे? हे केव्हाचे खोळंबलेत. तू आज पाहिलंस."

तेवढ्यात मागून एकानं हॉर्न वाजवला. कोणी तरुण असावा. आता परीक्षा यंत्रावर होते म्हणतात, यंत्र काही आपटत नाही. त्यानं पुन्हा वाजवला, यावेळी लांबलचक.

बाईंनी वळून पाहिलं नाही. त्यांनी वेगाच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते सशावरून काढून, सावकाश, सगळ्यांच्या देखत, कासवावर नेलं.

मग निघाल्या. इतक्या हळू की काठीवाल्या आजोबांनाही त्यांच्यामागे रेंगाळावं लागलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी पुढे जाता येईल की काय, असं त्यांना वाटून गेलं. हॉर्नवाला एकदाच आणखी वाजवायला गेला. टॅक्सीवालीनं काच खाली करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं हॉर्नवरचा हात काढला.

धाकटीनं सगळं बाल्कनीतून पाहिलं होतं, पण कबूल करणारी ती नव्हे. दार उघडंच होतं, टेबलावर पत्ते पिसून ठेवलेले होते.

"इतका उशीर, ताई?"

"वाटेत एकाला नापास करावं लागलं."

"कोणाला?"

"घरचाच आहे. पान टाक."

बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली, पत्त्यांच्या शेजारी, दिसेल अशी. दुसऱ्या डावाला फोन वाजला. मुलगा होता. आवाजात अजून धाप होती.

"आई, किती वाजता आणायला येऊ?"

"येऊ नकोस. ऊन उतरलं की मी ओलांडणार आहे. उद्याही ओलांडणार आहे. तेव्हा या बाजूला गाडी आणू नकोस. तुझा सराव कच्चा आहे."

मग मुलगा हळूच म्हणाला, "मग सराव कोण करून घेणार?"

"तुझी बायको. ताटली आपटायला सांग तिला." बाईंनी फोन ठेवला आणि समोर बघत म्हणाल्या, "आणि तू तो बदामाचा एक्का उशीखालून काढ."

धाकटीच्या भुवया वर गेल्या होत्या.